पत्राआधीचं पुस्तक : वसुधा धागमवार यांच्या विद्वत्तेविषयी

वसुधा धागमवार हे नाव घेतलं की जाणकार लगेच म्हणतात, ‘त्या मथुरा प्रकरणाच्या पत्रातल्या.’ बरोबर आहे. पण आमची तक्रार तिथूनच सुरू होते. पत्र लक्षात राहिलं, त्यामागचा अभ्यास कपाटात गेला.

हकिगत थोडक्यात बघू. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच की! १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हा त्याचा गाभा.

आम्ही तत्त्वज्ञानवाले याला अभावातून भाव काढण्याची चूक म्हणतो. संमती ही कृती आहे. प्रतिकार न दिसणं ही कृती नव्हे. आता बघा, धागमवारांना हे एका रात्रीत सुचलेलं नाही. भारतीय दंड संहिता माणसाच्या व्यक्तिगत हक्कांचं रक्षण कितपत करते, हे तपासणारं त्यांचं ‘लॉ, पॉवर अँड जस्टिस’ १९७४ चं, म्हणजे पत्राच्या पाच वर्षं आधीचं. शीर्षकात कायदा आणि न्याय यांच्या मधोमध सत्ता बसवली आहे, ते उगाच नव्हे.

१९८३ च्या दुरुस्तीने मात्र पत्रातला सोपा भाग उचलला. बाईने संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयाने तसं गृहीत धरावं, पण ते कोठडीतला किंवा सामूहिक बलात्कार अशा ठरावीक प्रकरणांत. प्रतिकार नाही एवढ्यावरून संमती धरू नये, हे कलमात यायला २०१३ उजाडलं.

पुढे त्या अक्कलकुव्याच्या आदिवासींमध्ये राहिल्या, १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. विद्यापीठी मंडळी याला कारकीर्द सोडणं म्हणतात. आम्हाला पटत नाही. आदिवासींचा कायद्याचा अनुभव मांडणारं त्यांचं २००६ चं पुस्तक ग्रंथालयात बसून झालं नसतं.

पण एक गोष्ट खटकते, ती बोललीच पाहिजे. १९८९ मध्ये त्यांनी समान नागरी कायद्याच्या बाजूने पुस्तक लिहिलं. स्त्रियांसाठीच लिहिलं, हेतूविषयी शंका नाही. पण एकच कायदा ठाण्यातल्या हवालदाराला आणि पाड्यावरच्या मुलीला किती वेगळा भेटतो, हे ज्यांनी आम्हाला दाखवलं, त्यांनीच कायद्याच्या समानपणावर एवढी भिस्त का ठेवली? पुस्तक दोनदा वाचूनही आम्हाला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.