कोळशाने काढलेली माणसे

दिवाळीच्या रोषणाईत कोळशाची आठवण काढणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु आपल्या माळा ज्या विजेवर उजळतात, तिचा मोठा वाटा आजही दगडी कोळशाचाच आहे. त्या कोळशामागचा माणूस चित्रात आणणारा एक कलावंत आपल्या पुण्यातच काम करतो, म्हणून हा प्रपंच.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचा. घराण्याच्या तीन पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागड व बडोदे येथे ते शिल्पकला शिकले. हाती मात्र कोळसा धरला. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले, त्याचे नाव खाणीतल्या कॅनरी पक्ष्यावरून होते. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून विलायतेतील कामगार हा पक्षी बरोबर नेत. तो कोसळला की माणसे बाहेर धाव घेत.

आता, चित्रकाराचा कोळसा लाकडाचा आणि खाणीतला दगडी, हा भेद खरा. पण दोन्ही मुळात झाडेच! एक काल जळलेले, दुसरे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडले गेलेले. त्यामुळे ती काळी रेघ विषयाला उसनी वाटत नाही.

या चित्रांत पुष्कळदा माणसाच्या धडावर मस्तकाऐवजी भलतीच वस्तू असते. काही रसिक यास विक्षिप्तपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. दिवसभर अवजार चालवणारा स्वतःच अवजार होतो, हे याहून थोडक्यात कसे सांगावे? तक्रार आहे ती निराळी. मस्तक गेले की त्याबरोबर अमुक एक गडी, त्याचा राग, त्याची थट्टाही जाते; कादंबरी लिहिणाऱ्याला ती उणीव जाणवते.

तरीही हा चित्रकार सोपा निवाडा देत नाही, हे त्याचे मोठेपण. उघडी खाण शेत गिळते, आणि तीच घरात पगार आणते. ज्या घराने दोन्ही पाहिले, त्याला नुसता धिक्कार कसा करता येईल? वेल्समधील कार्डिफ हे एके काळी कोळशाचे मोठे बंदर. तेथील आर्टेस मुंडी पारितोषिक २०२१ साली सहा कलावंतांना विभागून मिळाले, त्यांत पाचपुते होते. तेथील खाणकामगारांच्या लढ्यांचे पडसादही त्यांनी आपल्या चित्रांत उमटवले.

भिंतींवर काढलेली त्यांची कित्येक चित्रे प्रदर्शन संपताच पुसली गेली. आज पणत्या लावताना मुलांनी विचारले, की वीज कोठून येते, तर बटणापाशी थांबू नका, सास्तीपर्यंत जा.