जेत्याचा शोक

बाओ निन्ह ह्या व्हिएतनामी लेखकाची ‘युद्धाचें दुःख’ ही कादंबरी आम्हीं इंग्रजी भाषांतराच्या द्वारें वाचली. मूळ ग्रंथ १९९० सालीं निराळ्या नांवानें प्रसिद्ध झाला व पुढील सालीं त्यास तेथील लेखकसंघाचें पारितोषिक मिळालें. ग्रंथकार उत्तरेच्या सैन्यांत लढलेला. म्हणजे १९७५ त ज्या पक्षाचा जय झाला, त्याच पक्षाचा. वाचक साहजिकच विजयगाथेची अपेक्षा करील. पुस्तक उघडतांच त्यास दिसते ती रानोमाळ पडलेल्या सैनिकांच्या अस्थि वेंचून नेणारी एक मालमोटार, व तींत निजलेला नायक कीएन.

ह्या ग्रंथावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि तो वरवरचा नाहीं. १८५८ त फ्रेंच आरमार दानांगच्या किनाऱ्यास लागलें, तेव्हांपासून ह्या लोकांनीं काय काय सोसलें! १९४५ चा भीषण दुष्काळ, १९५४ चा दिएन बिएन फूचा संग्राम, मागाहून अमेरिकेची बाँबवृष्टि; ह्या सर्वांचा जाब कादंबरी कोणास विचारते? परक्या सत्तेशीं झुंजून जिंकलेल्यानें शोकच करीत बसावें काय?

आमच्या मतें येथें ग्रंथाचा रोख ओळखण्यांत चूक होते. लढा अन्याय्य होता असें लेखक कोठेंही म्हणत नाहीं. १९६९ च्या कोरड्या ऋतूच्या अखेरीस कीएनची सत्ताविसावी पलटण गारद होते, दहा जण वांचतात. त्या दहांपैकीं एकाला न्याय्य कारणाची जाणीव झोंप आणूं शकत नाहीं, एवढेंच तो सांगतो. कोणत्याही सरकारास हें ऐकणें आवडत नाहीं, मग तें स्वकीयांचें कां असेना. कीएनचा पिता चित्रकार. राज्यकर्त्यांच्या पसंतीस न उतरलेलीं आपलीं चित्रें तो मरणापूर्वीं जाळून टाकतो. हा प्रसंग आम्हांस साऱ्या रणवर्णनाहून मोलाचा वाटला.

घटनाक्रम विस्कळित आहे, ही तक्रार मात्र आम्ही मानीत नाहीं. अंधार पडतांच ज्याला मेलेले सोबती भेटावयास येतात, त्यानें सन जुळवून हकीकत सांगावी तरी कशी? शेवटीं पानांवर आंकडे नसलेलें त्याचें हस्तलिखित दुसऱ्याच्या हातीं पडतें, तें जसेंच्या तसें, हेंच योग्य.

खरा दोष निराळाच आहे. कीएनची प्रेयसी फुओंग हिच्यावर आगगाडींत जो घोर प्रसंग गुदरतो, त्याचें दुःख लेखकानें बहुतेक सारें कीएनच्या पदरीं घातलें आहे. त्यानें काय गमावलें हें आपणांस पानोपानीं कळतें. तिनें काय सोसलें हें ती स्वमुखानें क्वचितच सांगते. कीएनचीं पानें जपून ठेवणारी शेजारीणही मुकीच असावी, हें आम्हांस फार खटकलें.