रक्तातील निर्देशक आणि सांध्यांची हानी : एका शोधनिबंधाचे परीक्षण

रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या सुरुवातीलाच कोणाचे सांधे लवकर खराब होतील हे रक्तावरून कळले, तर प्रभावी पण महागडी औषधे नेमक्या रुग्णांना देता येतील. या दृष्टीने हम्बार्दझुम्यान व सहकाऱ्यांचा २०१५ चा शोधनिबंध महत्त्वाचा आहे.

अभ्यास. स्वीडनमधील 'स्वेफॉट' चाचणीतील २३५ रुग्णांच्या रक्तात उपचारापूर्वी १२ प्रथिने मोजली गेली. सीआरपी, इंटरल्युकिन-६, एमएमपी-३ ही त्यांपैकी काही. त्यांवरून १ ते १०० असा एकच गुणांक काढला. ४४ च्या वर 'उच्च'. वर्षभरात क्ष-किरण चित्रावरील शार्प-व्हॅन डर हाइडे गुण ५ पेक्षा जास्त वाढले, तर 'वेगवान हानी' मानली.

| गुणांक | रुग्ण | वेगवान हानी |
|---|---|---|
| कमी | ५ | ० |
| मध्यम | २९ | १ |
| उच्च | २०१ | ४२ |

जमेची बाजू. हानी झालेल्या ४३ पैकी ४२ जण चाचणीने आधीच ओळखले. म्हणजे संवेदनक्षमता सुमारे ९८ टक्के.

उणीव. हा आकडा एकटा पाहू नये. हानी न झालेल्या १९२ पैकी फक्त ३३ जण 'उच्च' गटाबाहेर राहिले. विशिष्टता जेमतेम १७ टक्के. २३५ पैकी २०१ जणांना 'उच्च' ठरवणारी चाचणी जवळजवळ सगळ्यांनाच धोक्याचा इशारा देते. चाचणीपूर्वी कोणत्याही रुग्णाचा धोका १८ टक्के होता, 'उच्च' निकालानंतर तो २१ टक्के झाला. एवढ्या फरकावर डॉक्टरांनी औषध बदलावे का? 'उच्च' गटातील १५९ जणांना तर वेगवान हानी झालीच नाही.

पी-मूल्य ०.०२१ आहे, म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी. पण गटांमधील संबंध वेगळा आणि समोरच्या एका रुग्णाबद्दलचे भाकीत वेगळे.

मग उपयोग कुठे? 'उच्च नाही' या निकालात. त्या ३४ पैकी एकालाच हानी झाली. मात्र ३४ ही संख्या लहान आहे. आणखी एकाला हानी झाली असती, तर ३ टक्क्यांचे ६ टक्के झाले असते. शिवाय सर्व रुग्ण उपचार घेत होते, म्हणून हे आकडे उपचाराखालील हानीचे आहेत, हेही विसरू नये.

निष्कर्ष. ही चाचणी धोका कोणाला नाही हे बऱ्यापैकी सांगते; कोणाला आहे हे सांगत नाही. निबंध वाचताना टक्केवारीआधी तक्ता पाहावा.

स्वाध्याय. सर्व २३५ जणांना 'उच्च' म्हटले असते, तर संवेदनक्षमता आणि विशिष्टता किती आली असती?