दिखाव्याची शस्त्रक्रिया : कंपवातावरील एका चाचणीचे चिकित्सक वाचन

संशोधन-निबंध वाचायचा म्हणजे त्याचा गोषवारा आणि निष्कर्ष वाचायचा, ही सवय पदवीच्या वर्गातच लागते. या पाठात आपण एकच निबंध घेणार आहोत आणि त्याच्या आराखड्याकडे पाहणार आहोत. मार्च २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कर्ट फ्रीड, स्टॅन्ली फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. विषय होता, कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भपेशींचे रोपण. चाळीस रुग्ण होते. वीस जणांच्या मेंदूत पेशी सोडल्या गेल्या. उरलेल्या वीस जणांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली गेली.

या दुसऱ्या वीस जणांमुळे निबंध गाजला आणि वादातही सापडला. त्यांच्यावाचून या निबंधाला फारसे मोल उरले नसते, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

चाचणीपूर्वीचा काळ

कंपवातात मध्यमेंदूतील 'सबस्टँशिया नायग्रा' या भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. हालचाल मंदावते, स्नायू ताठर होतात, बऱ्याच रुग्णांचा हात विश्रांतीत असताना थरथरतो. १९६० च्या दशकात आलेल्या लेव्होडोपा या औषधाने रुग्णांचे आयुष्य बदलले. पण काही वर्षांनी त्याचा परिणाम एकसारखा राहत नाही. औषध चढले की शरीर चालते, उतरले की अडते. शिवाय औषध चढलेले असताना हातपाय आपोआप वळवळू लागतात, त्याला डिस्किनेशिया म्हणतात. मग मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी का बसवू नयेत, हा विचार स्वाभाविक होता.

१९८७ मध्ये मेक्सिकोतील शल्यविशारद इग्नासियो माद्राझो यांच्या गटाने दोन तरुण रुग्णांच्या मेंदूत त्यांच्याच अधिवृक्क ग्रंथीची ऊती बसवली आणि दोघांत मोठी सुधारणा झाल्याचे कळवले. रुग्ण दोनच होते आणि तुलनेला गट नव्हता. तरीही अनेक देशांत हीच शस्त्रक्रिया सुरू झाली. पुढे बहुतेक रुग्णांत तेवढा फायदा दिसेना, त्रास मात्र दिसू लागला, आणि ती पद्धत मागे पडली. स्वीडनमधील लुंड येथे याच सुमारास गर्भपेशींच्या रोपणाचे काम अधिक सावधपणे चालले होते आणि काही रुग्णांत उत्साहवर्धक बदल दिसत होते. पण तेथेही रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही पेशी बसवल्याचे ठाऊक होते. अमेरिकेत गर्भऊतीच्या रोपणसंशोधनाला सरकारी निधी देण्यावरची बंदी १९९३ मध्ये उठली, आणि तुलनात्मक चाचणीची वाट मोकळी झाली.

आराखडा

शस्त्रक्रिया डेन्व्हरला झाल्या, रुग्णांची तपासणी न्यूयॉर्कला. ही विभागणी मुद्दाम केलेली होती. ज्याने पेशी घातल्या, त्यानेच सुधारणा मोजायची नाही. रुग्णाला स्थानिक भूल होती, म्हणजे तो जागा होता. कपाळाच्या हाडाला चार छिद्रे पाडली जात. एका गटात त्यांतून सुई पुटामेन या भागापर्यंत नेऊन पेशी सोडल्या जात. दुसऱ्या गटात मेंदूचे बाहेरचे आवरण भेदलेच जात नसे. कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना वर्षभर सांगायचे नाही, असे ठरले होते. वर्ष संपल्यावर दिखाव्याच्या गटातील रुग्णांना हवे असल्यास खरे रोपण मिळणार होते. चौदा जणांनी ते घेतले.

मुख्य मोजमाप काय ठरवले, याकडे नीट लक्ष द्या. एक वर्षानंतर रुग्णाने स्वतःच सांगायचे, की शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा आपण किती सुधारलो किंवा बिघडलो. मोजपट्टी उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. रोपण गटाची सरासरी ०.० आली आणि दिखाव्याच्या गटाची उणे ०.४. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. मुख्य प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच होते.

आता याच निबंधातला दुसरा आकडा पाहा. वीसपैकी सतरा रोपित रुग्णांच्या मेंदूत नव्या पेशींचे तंतू वाढल्याचा पुरावा मिळाला, पेट स्कॅनवर किंवा मृत्यूनंतरच्या तपासणीत. पेशी जगल्या, वाढल्या, आणि रुग्णाला मात्र सरासरीने काही जाणवले नाही. मला या निबंधातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. तुलनेचा गट नसता तर हेच सतरा स्कॅन परिषदेच्या पडद्यावर झळकले असते आणि त्यांनाच यश म्हटले गेले असते. प्रयोगशाळेत जे मोजता येते आणि रुग्णाला जे हवे असते, त्यांत अंतर असू शकते. पेयाच्या बाटलीवर 'व्हिटॅमिन सी' छापले म्हणून ती पिणाऱ्याची सर्दी थांबतेच असे नाही, तसेच हे.

निबंधाचा दुबळा भाग

साठ वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या रुग्णांत डॉक्टरांनी केलेल्या प्रमाणित तपासणीचे गुण रोपणानंतर सुधारले, हे लेखक ठळकपणे मांडतात. वयाची विभागणी आधीच ठरलेली होती, त्यामुळे ती मागाहून शोधलेली पळवाट नाही. तरीही मुख्य मोजमाप अपयशी ठरल्यावर एका उपगटातील आणि दुय्यम मोजपट्टीवरील यश हा पुढच्या चाचणीसाठी केवळ एक धागा असतो. निबंधाच्या निष्कर्षात मात्र तरुण रुग्णांतील 'काही फायदा' असा सूर लागतो, आणि बातम्यांत वाचकाला नेमका तोच सूर ऐकू येतो. पुढे सी. वॉरेन ओलॅनो यांच्या गटाने ३४ रुग्णांवर दोन वर्षे केलेली, दिखाव्याच्या शस्त्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी २००३ मध्ये आली. तिचेही मुख्य उत्तर नकारार्थीच होते.

धक्का वेगळ्याच ठिकाणी बसला. फ्रीड यांच्या चाचणीत पहिल्या वर्षानंतर, पेशी मिळालेल्या ३३ जणांपैकी ५ जणांत अनावर हालचाली सुरू झाल्या, आणि त्या औषध कमी किंवा बंद करूनही थांबेनात. ओलॅनो यांच्या चाचणीत तर रोपण झालेल्या २३ पैकी १३ जणांत औषध उतरलेले असताना अशा हालचाली दिसल्या. दिखाव्याच्या गटात त्या दिसल्या नाहीत. औषधामुळे होणारा त्रास गोळी कमी करून आवरता येतो, पण मेंदूत बसवलेली पेशी परत काढता येत नाही.

फसवणूक की न्याय?

दिखाव्याच्या शस्त्रक्रियेवर सर्वांत नेमका हल्ला रूथ मॅक्लिन यांनी १९९९ मध्ये याच नियतकालिकात केला. त्यांचा मुद्दा असा : साखरेची गोळी निरुपद्रवी असते, कवटीला पाडलेले छिद्र नसते. ज्या रुग्णाला काहीही लाभ मिळणार नाही त्याला धोक्यात घालणे हे संशोधनातील 'अपाय कमीत कमी' या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. त्याच अंकात थॉमस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली, की धोका लहान आहे आणि तुलना न करता शस्त्रक्रिया पसरू देणे अधिक घातक आहे.

मॅक्लिन यांचा आक्षेप खोडून काढता येत नाही, हे आधी मान्य करू. छिद्र हे छिद्रच. पण त्यांच्या मांडणीत एक गृहीत लपलेले आहे, की ज्याला पेशी मिळाल्या तो लाभार्थी आणि ज्याला मिळाल्या नाहीत तो वंचित. निकाल हाती आल्यावर चित्र जवळजवळ उलटे दिसते. पहिल्या वर्षी सुईपासून वाचलेले रुग्णच अधिक सुरक्षित होते, आणि वर्ष संपल्यावर बक्षीस म्हणून त्यांना जे देऊ केले त्यातच धोका होता. उपचार उपयोगी आहे की नाही हे ठाऊक नसताना 'वंचित' हा शब्द वापरता येत नाही. १९८७ नंतर ज्यांच्यावर कोणत्याही तुलनेवाचून अधिवृक्क ऊतीची शस्त्रक्रिया झाली, त्यांची गणती या नैतिक हिशेबात कोण करणार? मेक्सिकोतल्या त्या पहिल्या दोन रुग्णांच्या जोडीला दिखाव्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण असते, तर पुढच्या कित्येकांची डोकी उघडावी लागली नसती.

प्लासिबोचा प्रश्न कंपवातात विशेष टोकदार होतो. २००१ मध्येच व्हँकुव्हर येथील राउल दे ला फुएंते-फर्नांदेझ यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवले, की औषध मिळाल्याच्या अपेक्षेनेच कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवते. म्हणजे आशा हा येथे केवळ मनाचा खेळ नसून, उणा पडलेला रासायनिक पदार्थच ती पुरवते. फ्रीड यांच्या रुग्णांपैकी तीस जणांच्या जीवनमानाचा अभ्यास सिंथिया मॅक्रे यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याला पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते त्यांचे जीवनमान अधिक चांगले आढळले, प्रत्यक्षात काहीही मिळालेले असो. हा निष्कर्ष वर्गात फार उत्साहाने सांगितला जातो, म्हणून एक सावधगिरी. ज्याला बरे वाटू लागते तोच 'मला खरे रोपण मिळाले असावे' असे समजतो, असाही हा संबंध वाचता येतो. शिवाय मुख्य मोजपट्टीवर दिखाव्याच्या गटाची सरासरी शून्याच्या खालीच होती. प्लासिबोने सारे केले, असे हा पुरावा सांगत नाही.

आपल्याकडचे वाचन

भारतात हा जुना वाद शिळा झालेला नाही. मूळपेशींचे इंजेक्शन देऊन कंपवात, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता बरी करण्याच्या जाहिराती अनेक भाषांतून दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही आजारांसाठीचे रक्तजनक मूळपेशींचे रोपण सोडता, मूळपेशींचा रुग्णांवरील वापर हे संशोधन समजावे, ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. जाहिरातीतला पुरावा बहुधा चित्रफितीचा असतो. आधी अडखळणारा माणूस, नंतर चालणारा. कंपवाताच्या रुग्णाची अशी चित्रफीत एकाच दिवशी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर तासाभराने, कोणतेही इंजेक्शन न देता तयार करता येते. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारायचा, की चित्रण झाले तेव्हा शेवटची गोळी घेऊन किती वेळ झाला होता?

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये दोन नवे निबंध आले. क्योटो येथे सात रुग्णांत आणि उत्तर अमेरिकेत बारा रुग्णांत, मूळपेशींपासून घडवलेल्या डोपामिन-पेशी बसवल्या गेल्या. गर्भऊतीवर अवलंबून राहावे लागत नाही, ही मोठी प्रगती आहे. पेशी जगल्याच्या खुणा स्कॅनवर दिसल्या, आणि रोपणामुळे होणाऱ्या त्या अनावर हालचाली आढळल्या नाहीत. दोन्ही अभ्यासांचा हेतू मुख्यतः सुरक्षितता तपासण्याचा होता, आणि दोन्हींत तुलनेचा गट नाही. त्यांतील सुधारणेचे आकडे वाचताना वर सांगितलेले सतरा स्कॅन समोर ठेवा. अमेरिकी पेशींच्या पुढच्या टप्प्यातील चाचणीत दिखाव्याच्या शस्त्रक्रियेचा गट ठेवलेला आहे.