उपकार, ऋण आणि उपकारस्तुती



वाशीममध्ये उभं राहून 'संकटकाळातील ख्रिस्ती कृतज्ञता' या विषयावर बोलायचं, तर जरा जपून बोललं पाहिजे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत आपला जिल्हा होता. कर्ज म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका घरी सांत्वनासाठी गेलो होतो. तिथे एक उपदेशक त्या घरच्या विधवेला म्हणाले, "बाई, याबद्दलही देवाचे आभार माना." बाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याला आम्ही श्रद्धा म्हणालो. ती खरंच श्रद्धा होती का?

पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'एन', म्हणजे 'मध्ये'. संकटात आभार, संकटाबद्दल नव्हे. कुणी म्हणेल, इफिसकरांस पत्रात (५:२०) तर 'बद्दल' असाच अर्थ निघतो. निघतो, नाकारत नाही. पण ते शिकवणारा पौल रोमकरांस पत्रात (१२:१५) रडणाऱ्यांबरोबर रडायलाही सांगतो. तेव्हा आभार मानायचे ते स्वतःच्या दुःखात. दुसऱ्याच्या दुःखात आपलं काम रडण्याचं. त्याच्याकडून आभार वसूल करण्याचं नाही.

'वसूल' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठी ख्रिस्ती परंपरेने 'उपकारस्तुती' हा सुंदर शब्द घडवला, पण त्यात एक अडचण आहे. आपल्याकडे उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात. त्यामुळे देवही नकळत सावकारासारखा दिसू लागतो, आणि प्रार्थना म्हणजे जणू व्याजाचा हप्ता. ख्रिस्ती विचारात मात्र कृपा ही फेडण्याची गोष्टच नाही. म्हणून मला 'कृतज्ञ' हा शब्द जवळचा वाटतो. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. आणि जो केलेलं जाणतो, त्याला न झालेलंही दिसतंच की! ईयोबाने तक्रार केली, स्तोत्रकर्त्यांनी विलाप केला. बायबलने ते सगळं जपून ठेवलं, खोडून टाकलं नाही.

याचं मराठीतलं उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६). १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षांची ताटातूट, मुलांचे मृत्यू, घरातली ओढाताण, हे सगळं बाईंनी सोसलं. पण पुस्तकात कुठे दुःखाला गोड मुलामा नाही. नवऱ्याच्या अव्यवहारीपणावर त्या हसतात, रागावतात, आणि ज्यांनी आधार दिला त्यांना विसरत नाहीत. माणसांची ही आठवण ठेवणं हीच मला त्यांची उपकारस्तुती वाटते. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच हाती घेतलं.

तेव्हा आचरणाचा क्रम मी असा मांडेन. आधी तक्रार पूर्ण बोलू द्यावी. मग, जमेल तेव्हा, कुणी काय केलं ते नावानिशी आठवावं: कुणी डबा आणला, कुणी पेरणीला बैल दिले. आभाराचा शब्द त्यानंतर आपोआप येईल. नाही आला, तरी थांबावं. त्या बाईंजवळ तेव्हा आम्ही नुसतं बसायला हवं होतं, आणि गप्प राहायला हवं होतं ते आम्ही.

इथंच थांबतो.