न मागितलेलं सॉफ्टवेअर आणि आप्तवचनाचा प्रश्न

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक आहे.

संयोजकांनी मला 'विश्वास' हा विषय दिला, तेव्हा त्यांना बहुधा कांट, ह्यूम वगैरे अपेक्षित असावेत. ते येतीलच. पण सुरुवात लॅपटॉपपासून करतो. निवृत्तीनंतर मी एक लॅपटॉप घेतला. जुन्या टिपणांचं टंकलेखन करावं, एवढाच हेतू होता. त्यावर एक नावाजलेलं, पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर घातलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर पान भलतंच. वर एक पट्टी, तिच्यात शोधायची चौकट, बाजूला चपलांच्या जाहिराती. मला वाटलं व्हायरस आला. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, व्हायरस नाही. तुम्ही 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलात ना? तुम्हीच होकार दिलाय त्याला."

आता मी पस्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेला माणूस. होकार म्हणजे काय, यावर वर्गात तासन्‌तास बोललो. आणि मी होकार दिला होता हे मला मुलीकडून कळलं! (हशा) त्या क्षणापासून हा प्रश्न डोक्यात बसला, आणि या प्रकरणांविषयी मिळेल ते वाचत गेलो.

या पाहुण्या सॉफ्टवेअरला सुरक्षा क्षेत्रातले लोक काय म्हणतात माहीत आहे? 'पोटेन्शियली अनवॉन्टेड प्रोग्रॅम'. म्हणजे 'संभाव्यतः नकोसा'. या शब्दप्रयोगाचं मला फार कौतुक वाटतं. खिसेकापूला 'संभाव्यतः नकोसा सहप्रवासी' म्हणण्यासारखं आहे हे. नकोसा कुणाला? विचारलं कुणी? 'संभाव्यतः' या एका क्रियाविशेषणात सगळी जबाबदारी विरघळून जाते. भाषेची अशी सफाई जिथे दिसते तिथे खाली काहीतरी झाकलेलं असतं, हा माझा अनुभव.

दोन प्रकरणं घेतो. पहिलं लवकर सांगून टाकतो. जावा नावाचं सॉफ्टवेअर तुमच्यापैकी अनेकांनी संगणकावर घातलं असेल. आपल्याकडे आयकराचं विवरणपत्र भरायची एक आवृत्तीच जावावर चाले. 2013च्या जानेवारीत त्या जावात गंभीर त्रुटी सापडली, इतकी की अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ब्राउझरमधलं जावा बंद ठेवा असा सल्ला दिला. मालक कंपनी ओरॅकल. तिने दुरुस्ती काढली. लोकांनी ती तातडीनं घेणं गरजेचं होतं. आणि त्या काळात विंडोजवर जावाची अशी दुरुस्ती घ्यायला गेलं की मध्ये एक चौकट येई, 'आस्क टूलबार'ची, खूण आधीच केलेली. ती खूण तुम्ही काढायची. नाही काढली तर टूलबार बसला. एड बॉट या तंत्रज्ञान-पत्रकाराने त्याच महिन्यात दाखवून दिलं की हा टूलबार लगेच बसत नाही. जावाचं काम आटोपल्यावर दहा मिनिटं थांबतो आणि मग बसतो. म्हणजे एखाद्या सावध माणसाने लगेच तपासलं, तर त्याला काहीच सापडणार नाही.

दहा मिनिटं. मला या दहा मिनिटांवर एक स्वतंत्र व्याख्यान देता येईल. निष्काळजीपणाला वेळापत्रक नसतं. वेळ मोजून थांबणं ही योजना असते. आणि वाहन कोणतं निवडलं, तर सुरक्षेची दुरुस्ती! रोग्याला लशीतून काहीतरी टोचावं तसं. याचा परिणाम असा की शहाणी माणसंसुद्धा दुरुस्त्या घ्यायला कचरू लागतात. 'अपडेट आलं की काहीतरी घुसतं' हे सामान्य माणसाचं ज्ञान झालं, आणि ते ज्ञान त्याच्या अहिताचं आहे.

पण खरं प्रकरण दुसरं. लेनोवो आणि सुपरफिश.

लेनोवो ही जगातल्या सगळ्यात मोठ्या संगणक कंपन्यांपैकी एक. 2014च्या उत्तरार्धात तिने आपल्या काही घरगुती लॅपटॉपांवर कारखान्यातच एक सॉफ्टवेअर घालून विकायला सुरुवात केली. त्याचं नाव 'व्हिज्युअल डिस्कव्हरी', बनवणारी कंपनी सुपरफिश. तुम्ही एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर टेबलाचं चित्र पाहिलंत, की हे सॉफ्टवेअर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या टेबलांच्या जाहिराती मध्ये आणून दाखवायचं. इथे 'नेक्स्ट' दाबण्याचाही प्रश्न नाही. माल खोक्यातूनच तसा आला.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. गोम पुढे आहे. बँकेचं, दवाखान्याचं, टपालाचं संकेतस्थळ आणि तुम्ही यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. मधल्या कुणाला ते वाचता येत नाही. मग सुपरफिशला तिथे जाहिरात घुसवता कशी येणार? त्यासाठी त्याने काय केलं ते समजायला आपल्याला न्यायदर्शनाकडे जावं लागेल. घाबरू नका, थोडंच.

ब्राउझरला कसं कळतं की समोरची बँक खरीच बँक आहे? बँक एक प्रमाणपत्र दाखवते. ते खरं कशावरून? त्यावर दुसऱ्या संस्थेची सही असते. ती संस्था खरी कशावरून? तिच्यावर तिसरीची. नैयायिकांचं परतःप्रामाण्य म्हणजे हेच. ज्ञान खरं आहे हे ते ज्ञान स्वतः सांगू शकत नाही, बाहेरून ठरवावं लागतं. पण असं मागे मागे जात राहिलं तर अनवस्था होते. कुठेतरी थांबावं लागतं. संगणकातही थांबतात. विंडोजच्या आत एक यादी असते, मूळ प्रमाणपत्रांची. त्यांच्यावर दुसऱ्या कुणाची सही नसते, त्यांची त्यांनीच केलेली असते. तिथे आपला नैयायिक ब्राउझर एकदम मीमांसक होतो आणि म्हणतो, हे स्वतःप्रमाण. (हशा) तिथे तो प्रश्न विचारत नाही.

सुपरफिशने नेमकं त्या यादीत स्वतःचं नाव घातलं. आता तुम्ही बँकेकडे गेलात की मध्ये सुपरफिश उभं. बँकेचं प्रमाणपत्र ते स्वतःकडे ठेवून घेणार आणि तुमच्या ब्राउझरला स्वतःच्या सहीचं दुसरं देणार. ब्राउझर यादी बघतो, सही सापडते, कुलपाचं चिन्ह दाखवतो. तुम्ही निश्चिंत. शब्द हे प्रमाण मानताना न्यायसूत्रांनी अट घातली की तो आप्ताचा असावा, आणि वात्स्यायनाने भाष्यात आप्ताची लक्षणं सांगितली: त्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत असते, आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याची त्याला इच्छा असते. असा माणूस ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्तच. हे भाष्यकाराचं औदार्य मला नेहमी भावतं. पण दोन्ही अटी लागतात. लेनोवोला आपल्या यंत्रात काय आहे ते माहीत असणं भाग होतं. पहिली अट पुरी. दुसरीचं काय?

आणि याहून वाईट म्हणजे प्रत्येक लॅपटॉपवर घातलेली गुप्त किल्ली एकच. लाखो यंत्रं, किल्ली एक. 19 फेब्रुवारी 2015 रोजी रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने ती किल्ली बाहेर काढली. तिच्यावरचा पासवर्ड होता 'कोमोडिया'. ज्या कंपनीचं तंत्र सुपरफिशने आत वापरलं होतं, तिचंच नाव! ग्रॅहम यांना यासाठी काही तास लागले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असं आपण म्हणतो. इथे त्या पायपोसाखाली ठेवून वर पाटी लावली होती. हॉटेलच्या फुकटच्या वायफायवर शेजारच्या टेबलावर बसलेला कुणीही आता बँकेचं सोंग घेऊ शकत होता. शिवाय तुम्ही कंटाळून ते सॉफ्टवेअर काढून टाकलंत, तरी मूळ यादीतलं नाव तसंच राहायचं.

कंपनीचं म्हणणं काय होतं? पहिलं, सुरक्षेची काळजी वाटावी असा पुरावा आम्हाला मिळालेला नाही. दुसरं, कंपनीच्या तंत्रप्रमुखांनी एका मुलाखतीत या शंका सैद्धांतिक आहेत अशा अर्थाचं सांगितलं. आयुष्यभर सिद्धांतावर पोट भरलेल्या माणसाला हे ऐकून जरा लागलं, पण असो. लवकरच त्यांनी चूक मान्य केली, माफी मागितली, काढून टाकायचं साधन दिलं. हेही सांगितलं पाहिजे. तिसरं म्हणणं मात्र मला सगळ्यात बोचतं. या व्यवहारात आम्हाला पैसा असा फार नव्हता, वापरणाऱ्याचा अनुभव समृद्ध करावा हा हेतू होता! लोभापायी केलं असं म्हटलं असतं तर समजलं असतं. संगणकाच्या धंद्यात नफा पातळ, चार पैसे मिळतात म्हणून घातलं; माणूस आहे, मोह होतो. पण पैसाही नाही, आणि तरीही गिऱ्हाइकाच्या बँकेच्या दारात परका माणूस उभा केला? मग तिथे गिऱ्हाइकाचा विचार झालाच नव्हता, असाच याचा अर्थ होतो.

आता कांट. 1785च्या त्याच्या ग्रंथात एक दुकानदार येतो. तो अजाण गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. लहान मूल आलं तरी मोठ्या माणसाइतकाच भाव. कांट म्हणतो, थांबा, एवढ्यावरून त्याला नीतिमान म्हणू नका. प्रामाणिक राहण्यात त्याचा फायदा आहे म्हणून तो प्रामाणिक आहे. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास म्हणायचा, सर, कांट फार कडक आहे, आमच्या गल्लीत असा वाणी असला तरी चालेल. बरोबर होतं त्याचं. कारण सुपरफिश लेनोवोच्या थिंकपॅडवर घातलेलं नव्हतं. थिंकपॅड कोण घेतं? मोठ्या कंपन्या, ज्यांच्याकडे यंत्र उघडून तपासणारा विभाग असतो. घातलं ते घरगुती यंत्रांवर, म्हणजे विद्यार्थी, गृहिणी, आमच्यासारखे म्हातारे. जाणत्याला निवडलेले तांदूळ आणि पोराला खड्यांचे. कांटचा तो हिशेबी वाणीसुद्धा याच्यापेक्षा वर बसतो.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकाला विचारलं असेल की. तर ऐका. पहिल्यांदा खरेदीच्या संकेतस्थळावर गेलं की एकदाच एक चौकट यायची, अमुक सोय तुमच्या ब्राउझरमध्ये चालू आहे असं सांगणारी. खाली बारीक अक्षरात नकाराचा दुवा. आपण अशा चौकटीचं काय करतो? कोपऱ्यातली फुली दाबतो. आणि फुली दाबली की तो होकार धरला जाई! दार लावून घेतलं म्हणजे या म्हटलं.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि 32 राज्यांनी हे प्रकरण हातात घेतलं, 2017च्या सप्टेंबरात तडजोड झाली. राज्यांना 35 लाख डॉलर, अशा सॉफ्टवेअरसाठी आधी स्पष्ट संमती, आणि 20 वर्षं सुरक्षेची बाहेरून तपासणी. पण मला रस आहे तो दोन आयुक्तांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या मतांत. टेरेल मॅकस्वीनी यांचं म्हणणं, सुरक्षेबद्दल गप्प राहणं ही फसवणूक आपण धरली, पण जाहिराती घुसवल्या जातील, इंटरनेट मंदावेल, हे लपवलं तीही फसवणूकच धरायला हवी होती. हंगामी अध्यक्ष मॉरीन ओलहाउसेन यांचं उत्तर असं की प्रत्येक मौन म्हणजे फसवणूक नव्हे. अर्धं सांगून अर्धं लपवलं, किंवा वस्तू मूळ कामालाच निरुपयोगी असताना गप्प राहिलं, तर फसवणूक. जाहिराती त्रासदायक खऱ्या, पण गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या अपेक्षेच्या बाहेरच्या नव्हेत.

कायद्याच्या दृष्टीने ओलहाउसेन यांचा मुद्दा नीटनेटका आहे, हे मी मान्य करतो. विक्रेत्याने सगळंच सांगायचं म्हटलं तर खोक्यात लॅपटॉपपेक्षा कागद जास्त होतील. पण 'नेहमीची अपेक्षा' या मोजपट्टीत एक खोट आहे. अपेक्षा ठरवतं कोण? दहा कंपन्यांनी दहा वर्षं टूलबार घुसवले की लोकांची अपेक्षा आपोआप खाली येते. मग अकरावी म्हणते, लोकांना सवयच आहे. लबाडीने घडवलेली सवय लबाडीचा बचाव म्हणून वापरली जाते. अ‍ॅनेट बायर या बाईंनी 1986च्या एका निबंधात भरवसा आणि विश्वास यांत फरक केला आहे. खुर्चीवर आपला भरवसा असतो. ती मोडली तर आपण निराश होतो. माणसावर विश्वास असतो. त्याने तो मोडला तर विश्वासघात होतो. ओलहाउसेन यांच्या मोजपट्टीत लेनोवो ही खुर्ची आहे. चालते ना? बसता येतं ना? झालं तर. मॅकस्वीनी यांच्या मोजपट्टीत ती सांगणारी, बोलणारी बाजू आहे. मी मॅकस्वीनींच्या बाजूचा. कारण नाव बघून, ज्यादा पैसे देऊन आपण जेव्हा एखादी वस्तू घेतो, तेव्हा आपण कुणाच्या तरी शब्दावर विसंबतो, आणि ते नाव मोठं करण्यासाठी कंपनीने जाहिरातीवर केलेला खर्चही आपण तसं विसंबावं म्हणूनच असतो.

एक शेवटची हकीकत सांगतो आणि थांबतो. 2015च्या फेब्रुवारीअखेर लेनोवोने जाहीर केलं की यापुढे आमची यंत्रं स्वच्छ असतील. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उघड झालं की आधी विकलेल्या काही घरगुती लॅपटॉपांच्या मूळ पाटीवरच्या फर्मवेअरमध्ये आणखी एक गोष्ट होती. विंडोज पूर्ण पुसून, कोरी करकरीत नवी घातली तरी ती लेनोवोचं सॉफ्टवेअर परत आणून बसवत असे. थिंकपॅडवर तीही नव्हती. कंपनीने जुलैअखेर ती बंद करणारी दुरुस्ती दिली होती. पण ती ज्याची त्याने उतरवून घ्यायची. माझ्या मुलीने मला फोनवर सुचवलेला उपाय हाच होता बघा: "बाबा, सगळं पुसून विंडोज पुन्हा घाला, म्हणजे झालं."

घड्याळ दिसतंय मला. प्रश्न असतील ते घेऊ. तिकडे डावीकडे हात वर आहे, त्यांना माईक द्या.