सैनिकांचा निद्रानाश आणि वर्तनोपचाराची दोन माध्यमे

निद्रानाश हा शब्द व्यवहारात झोपेविषयीच्या कोणत्याही तक्रारीला लावला जातो. मानसशास्त्राला मात्र येथे भेद करावा लागतो. रात्रीच्या पहाऱ्यामुळे ज्याला झोपावयास अवकाशच मिळत नाही, तो सैनिक निद्रावंचित होय. अवकाश असूनही ज्याचा डोळा लागत नाही, तो निद्रानाशाने पीडित होय. लष्करी जीवनात या दोन अवस्था परस्परांत मिसळलेल्या असतात, आणि म्हणूनच तेथील उपचारांचे मूल्यमापन कठीण होते.

वर्तनोपचाराची तात्त्विक बैठक आर्थर स्पीलमन यांच्या 1987 मधील मांडणीत स्पष्ट दिसते. मूळ प्रवृत्ती, तात्कालिक निमित्त आणि विकार टिकवून धरणाऱ्या सवयी असे तीन घटक त्यांनी मानले. युद्धभूमीवरील तैनाती हे निमित्त होय. परंतु ती संपल्यावरही विकार उरतो तो सवयींमुळे. अंथरुणात जागे पडून राहणे, दिवसा झोप भरून काढणे, झोपेचीच धास्ती घेणे या त्या सवयी. रिचर्ड बूटझिन यांचे 1972 मधील उद्दीपक-नियंत्रण आणि स्पीलमन यांचे निद्रा-निर्बंधन यांचा रोख याच तिसऱ्या घटकावर आहे. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने दीर्घकालीन निद्रानाशासाठी औषधांच्या आधी हाच बोधात्मक-वर्तनात्मक उपचार द्यावा, अशी शिफारस केली.

उपचारकांची संख्या अपुरी असता हा उपचार सैनिकापर्यंत पोहोचावा कसा, हा पुढचा प्रश्न. डॅनियल टेलर व त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या दृष्टीने मननीय आहे. टेक्सासमधील फोर्ट हूड येथील 100 कार्यरत सैनिकांची त्यांनी तीन गटांत यादृच्छिक विभागणी केली : एकास प्रत्यक्ष उपचार, दुसऱ्यास इंटरनेटवरील उपचार, तिसऱ्याशी केवळ अल्प संपर्क. निद्रा-रोजनिशीच्या मापाने दोन्ही उपचार तिसऱ्या गटापेक्षा सरस ठरले. तथापि झोपेच्या प्रतीबद्दलचे समाधान आणि झोपेविषयीच्या भ्रामक समजुतींचे निरसन यांत प्रत्यक्ष उपचाराने इंटरनेटला मागे टाकले.

या निष्कर्षातील विशेष असा की, माध्यमांतील अंतर समजुतींच्या क्षेत्रात दिसून आले. नियम यंत्राने सांगता येतो. परंतु ‘आज झोपलो नाही तर उद्या हातून चूक होईल’ ही सैनिकाची भीती सर्वस्वी खोटी नसते. तिच्यातील सत्यांश कोणता आणि अतिशयोक्ती कोणती, हे त्याच्याशी बोलूनच ठरवावे लागते. ठरावीक पाठ येथे अपुरा पडत असावा.

तथापि या चाचणीचे यश मर्यादेसह स्वीकारले पाहिजे. मनगटावरील हालचालमापकाने नोंदलेल्या झोपेत, तसेच दिवसाच्या झोपाळूपणात, गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून उपचार निष्फळ ठरतो असे नव्हे : निश्चल पडून जागणारा मनुष्य या यंत्रास निद्रिस्त वाटू शकतो, आणि निद्रानाशाचा रुग्ण बहुधा झोपाळू नसून थकलेला असतो. परंतु शस्त्र हाताळणाऱ्या मनुष्याची कार्यक्षमता सुधारली, असा दावा केवळ रोजनिशीच्या आधारे करता येणार नाही. शिवाय एकाच तळावरील निष्कर्ष निवृत्तांना किंवा नौदलातील पाळ्यांना सरसकट लागू करणे धाडसाचे होईल.

निद्रा-निर्बंधनात आरंभी अंथरुणातील वेळ कमी केला जातो आणि झोपाळूपणा काही काळ वाढतो. वाहन चालविणाऱ्या किंवा पहारा देणाऱ्या सैनिकाबाबत यावर कोणाची तरी नजर हवी. 2013 चे ‘सीबीटी-आय कोच’ हे भ्रमणध्वनीवरील साधन उपचारकाच्या साहाय्यास म्हणून योजले होते, तर 2020 चे ‘इन्सोम्निया कोच’ स्वयंमार्गदर्शनासाठी. या दोहोंतील भेद केवळ सोयीचा नाही, जबाबदारीचाही आहे.

सारांश, डिजिटल उपचार त्याज्य नाही. जेथे उपचारकच नाही तेथे तो मोलाचा आहे. परंतु तो प्रत्यक्ष उपचाराचा स्वस्त पर्याय म्हणून पुढे केल्यास एक मोठी चूक संभवते. निश्चित वेळी उठण्याचा नियम पाळण्यासाठी निश्चित वेळापत्रक लागते, आणि ते सैनिकाच्या हाती नसते. सवय त्याची, परंतु वेळ सेनेची. सेनेने आपल्या वेळेचा विचार न करता सैनिकाच्या सवयीच सुधारावयास घेतल्या, तर संस्थेचा दोष रुग्णाच्या माथी बसेल. आणि हे कोणत्याही माध्यमातून घडले तरी तो उपचार अपुराच राहील.